गुरुवारचा गुडघा

मी खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंदा शिवणकाम. शाळा तिसरीपर्यंत, पण गळ्यात टेप असतो म्हणून सगळे मास्तरीण म्हणतात. माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणाची बळजबरी नाही. वकिलांनी कलमं पाडून दिली, लिहिते मीच.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलीला. एकुलती एक आहे, भांडायला कुणी नाही.

२. पायाचं मशीन शेजारच्या रफूवालीला. कात्री मात्र तिला द्यायची नाही. माझ्या कात्रीनं तिनं पुठ्ठा कापला होता, मी विसरलेले नाही.

३. थोरल्या दिरांनी माझ्या गुडघ्यासाठी काठी आणली होती, ती त्यांना परत. नवी कोरी आहे, कारण गुडघा कधी दुखलाच नाही. नवरा गेल्यावर माझे हात कापडावर थांबायला लागले. समोर शर्ट पडलेला असायचा आणि बाही कुठली, कॉलर कुठली, समजायचं नाही. जगावंसं वाटेना. तेव्हा मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पण दीर एकदा जेवताना कुणाबद्दल तरी म्हणाले होते, डोक्याचा इलाज चाललेल्या बाईला माप कोण देणार? म्हणून मी गुडघा सांगितला आणि चार वर्षं दर गुरुवारी लंगडले.

४. बटणांचा डबा मुलीला. पांढऱ्या बटणांखाली माझ्या गोळ्या असतात. एकदा घाईत बटण गिळलं आणि गोळी शर्टाला लावायला घेतली. भोकं सापडेनात तेव्हा कळलं.

५. थोरल्या जाऊबाईंना काही देता येत नाही. साक्षीदाराला वाटा नको, असं वकील म्हणतात. मी म्हटलं, साक्षीदार दुसरा बघू. तर त्या म्हणाल्या, "राहू दे. अगं, जाताना तुझा डावा पाय लंगडतो, येताना उजवा. चार वर्षं बघतेय. बरी होत होतीस, मग कशाला विचारू?"

६. डॉक्टरीणबाईंचं नाव काढा, नाहीतर वेडीचं मृत्युपत्र म्हणतील, असा वकिलांचा सल्ला. माझं डोकं ठिकाणावर आहे हे डॉक्टरीणबाईंइतकं कुणाला माहीत? दुसरी सही त्यांचीच.

७. हे कलम वकिलांना दाखवलेलं नाही. साक्षीदारही फक्त माझी सही बघतील. पोरी, दोन महिने झाले, तू ताट तसंच सारतेस. काल एकच बाही तीनदा शिवलीस, तीनदा उसवलीस. विचारलं तर म्हणालीस, "आई, मला काही झालेलं नाही. लोकांत बोलू नकोस." हे माझंच बोलणं आहे, मी लगेच ओळखलं.

माझ्यामागं हा कागद मिळून तुला काय उपयोग? म्हणून आजच वाच. मी एवढ्यात मरत नाही. दुकानाची पाटी मी पुसून नवी लिहिली आहे : गुरुवारी बंद, मालकीण मनाच्या डॉक्टरकडे. तुझं त्यात काही नाही. तुझं कुणाला सांगायचं ते तू ठरव. रस्त्यात कुणी विचारलंच, तर म्हण, आईला सोबत म्हणून चाललेय.

सही : मास्तरीण
साक्षीदार १ : थोरल्या जाऊबाई
साक्षीदार २ : डॉक्टरीणबाई, मनाच्या
ठिकाण : दुकान, कटिंगचं टेबल
तारीख : दहा जून, बुधवार. उद्या दहाला निघू.