रुमानियाच्या जनरलची तीन मरणं

बोरी अरब, मार्च १९६१

प्रिय नलू,

नाही वं बाई, त्या सुभेदाराचं नाव मी लिहिणार नाही, तू कितीक इचार. बोरीत सुभेदार म्हटलं की शेंबडं पोरगंही घर दाखवते, तेवढं पुरे. चहाले येते, ते खरं आहे. पण तू तिकडं मारेगावात बसून दात काढून राह्यली, तसं काही नव्हतं. माणूस लबाड आहे असा मले पक्का वहीम होता, म्हणूनच येऊ देत होती. मांजर कुठं तोंड घालते हे पाह्याचं असन, तर दुधावरचं झाकण थोडं सरकवून ठेवा लागते ना!

पलटणीतून येऊन त्याले तेरा-चवदा वर्षं झाली, बायको जाऊन सहा. एवढ्या वर्षांत माह्या दाराकडं त्यानं मान वळवून पाह्यलं नाही. अन् औंदा ग्रामपंचायतीले सायकल निशाणीवर उभा राह्यला, तं लागलीच माह्या फाटकाची मोडकी बिजागरी त्याले दिसली. ठोकून देल्ली. मंग चहा. बशी धरून असा ताठ बसे, जसा साहेब तपासणीले आला. अन् हळूच इचारे, गल्लीतल्या बाया यंदा कोणाकडून आहेत? मी मनात म्हटलं, आली मांजर दुधावर.

बाया माह्या शब्दाबाहेर नाहीत, हे त्याच्यासमोर शिडी निशाणी घेऊन उभ्या असलेल्या नागोरावलेही ठाऊक. पण तो सरळ माणूस, मले लुगडं पाठवून मोकळा झाला. मी वापस केलं. काठ बेकार होते.

सुभेदाराजवळ लुगडं नव्हतं, गोष्ट होती. रुमानिया नावाच्या मुलकात एक जनरल होता म्हणे. लढाई जिंकला, गावोगाव हार पडले. मंग त्यानं तलवार खुंटीले टांगली, लोकायच्या दारोदार मतं मागत फिरला, मोठा प्रधान झाला. अन् मंग तेच लोक त्याच्यावर उलटले. मीही तसाच शिपाईगडी, आता तुमच्या दारी आलो, असं सुभेदार छातीवरच्या मेडलायवर हात ठेवून सांगे, अन् लोक टाळ्या वाजवत. मी मात्र शेवटाकडं कान देऊन राहे. बाजारात सांगतलं, तं जनरल दुश्मनाच्या गोळीनं मेला. पारावर सांगतलं, तं गरिबायसाठी जेलात मेला. अन् माह्या ओसरीवर सांगतलं, तं परक्या मुलकात, भाड्याच्या खोलीत, एकटाच मेला, चुलीवरचा चहा तसाच आटून गेला. आता सांग, एका माणसाले तीन मरणं! मी तोंडावरच म्हटलं, सुभेदार, तुमचा जनरल गिऱ्हाईक पाहून मरते काय? त्याचा चहा धोतरावर सांडला.

तवापासून माह्याच जिवाले घोर लागला. बाजारातल्यायले गोळी, पारावरच्यायले जेल, मंग मलेच तो एकट्याचा चहा काहून? आमचे हे गेल्याले नऊ वर्षं झाली. माह्या चुलीवर किती डाव असा चहा आटला, हे याले कोणं सांगतलं? मतासाठी माणूस इतकं बारीक खोटं बोलते काय, नलू? अन् बोलत असन, तं मले ते गोड काहून लागलं?

निवडणूक झाली. सुभेदार पडला, एका मतानं. नागोरावच्या लोकायनं गुलाल उधळला, अन् मी फाटकाकडं पाहत बसली. म्हटलं, मतं संपली, आता कायले येते? एक दिवस नाही आला. दोन दिवस नाही आला. माहा वहीम खरा ठरला म्हणून मी खुश व्हाले पाह्यजे होती, पण जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी आला. मेडलं नाहीत, कोट नाही, सदरा खांद्यावर उसवलेला. आपण होऊनच सांगू लागला. लढाईत बसऱ्याच्या दवाखान्यात पडला होता, तवा एका कंपाउंडरनं चित्रायच्या इंग्रजी चोपड्यातून त्या जनरलची गोष्ट त्याले वाचून दाखवली. शेवटची पानं फाटली होती. जनरल कसा मेला, हे त्याले आजवर माहीत नाही. बाकीच्यायले रुचन ते सांगतलं म्हणे, पण माह्या ओसरीवर सांगतलं ते त्याचं सोताचं भेव होतं.

मी उसवलेला सदरा मागून घेतला अन् सुईत दोरा ओवला. आणखी काय करू?

येत्या सोमवारी आम्ही पाट लावून राह्यलो. आता समजलं, त्याचं नाव काहून लिहिलं नाही? होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेऊ कशी? तू शनवारीच ये, चुडा तुह्याच हातानं भरीन. अन् आल्यावर एक सांग, हे त्याले सांगू का नको. चवथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं आपण, तुह्यापासून काय लपवू? गल्लीतल्या साऱ्या बाया मी सायकलीकडं लावून देल्ल्या. पण मी पडद्यामागं गेली, शिक्का हातात घेतला, अन् वाटलं, हा निवडून आला तं मले जलमभर समजणार नाही, मतासाठी येत होता का माह्यासाठी. नलू, मी शिक्का शिडीवर मारला. त्याले मीच पाडलं.

तुहीच,
पंचफुला