लहान पाकिटं

४ फेब्रुवारी
टाके काढून आले. रिपोर्टही आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर सौम्य प्रकारचा होता, गर्भपिशवीतच होता, पिशवीसकट गेला. पुढे औषध नाही, फक्त तपासणीला यायचं. बहुतेक बायका कायमच्या बऱ्या होतात. सून टॅक्सीत रडली. मला काहीच वाटलं नाही. देवावर भरवसा असला की असं होतं.
संकल्प: आजार हा विषय बंद.

९ फेब्रुवारी
विषय बंदच आहे. 'बहुतेक' म्हणजे किती, एवढंच पुढच्या वेळी विचारायचं.

२१ फेब्रुवारी, सकाळ
चहाचं लहान पाकीट आणलं. साबणाच्या पावडरचंही. सून म्हणाली, आई, मोठं स्वस्त पडतं हे तुम्हीच शिकवलंत ना मला! म्हटलं, मोठ्याला ओल लागते. हिला हिशेब म्हणून कळत नाही.

१५ मार्च
ह्यांना भात शिकवायला घेतला. सहजच. पुरुषमाणसाला आलेला बरा. म्हणाले, तू आहेस ना, मग मला कशाला? म्हटलं, मी बहिणीकडे राहायला गेले तर? म्हणाले, लग्न झाल्यापासून कधी गेलीस?
भात करपला. पातेलं मीच घासलं.

२ एप्रिल
जप छान झाला. देवाकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे जपभर घोकत होते.

६ ऑगस्ट, दुपार
तपासणी. सगळं स्वच्छ. बाई म्हणाल्या, मनात काही शंका? मी तयारीनंच गेले होते. विचारलं, पुढच्या वेळी उपाशीपोटी यायचं का? म्हणाल्या, नको.
चला, एक शंका मिटली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
येताना हे परस्पर गादीच्या दुकानात शिरले. म्हणे जुनी तुला बोचते. दुकानदार म्हणाला, दहा वर्षं गॅरंटी. म्हटलं, एवढी काय करायची, पाचाची दाखवा. म्हणाला, मावशी, गॅरंटी कमी करून मागणारं गिऱ्हाईक आजच बघतोय. मी हसले. हे हसले नाहीत.
कार्डावर नाव कोणाचं घालू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ह्यांचं. ह्यांनी कार्ड हिसकून घेतलं आणि माझं लिहिलं. तेही चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
असलं खाडाखोडीचं कार्ड दहा वर्षांनी दुकानदार मानायचा नाही. ह्यांना तर भांडता येत नाही. मलाच जावं लागणार.