घोट

४ नोव्हेंबर, बुऱ्हाणपूर

पोचले एकदाची! पाचोऱ्याला गाडी हलली तरी आईच्या सूचना संपल्या नव्हत्या. मोतीबिंदूने तिला धड दिसत नाही, तरी आवाजाच्या अंदाजाने ती बरोबर माझ्या खिडकीपाशी उभी होती.

इथे उतरल्यावर पहिलं काम केलं ते इथली खास मिठाई, दराबा, खाण्याचं. तुपात न्हालेला, तोंडात टाकताच विरघळणारा. खोली लालबागेत, इंदुबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर. त्यांचे यजमान नेपानगरला कागदाच्या कारखान्यात होते; मूळ घर अमळनेरचं. इंदुबाई मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. काम काय करतेस, विचारलं. म्हटलं, ज्यांचा आवाज गेलाय किंवा ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्याकडून ते परत करवून घेते.

"म्हंजे खाणं आन् बोलणं, दोन्ही तुझ्या हातात. बढिया आहे की!" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

७ नोव्हेंबर

डॉ. ललित यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना छोटा, पण नीटनेटका. मला मागची खोली दिली आहे. एक टेबल, आरसा, दोन खुर्च्या, खिडकीतून चिंचेचं झाड. सकाळी घसा बसलेल्या एक शिक्षिका आल्या, मग तोतरं बोलणारा एक कॉलेजचा मुलगा. दोघंही जाताना हसत गेले. मला हे काम आवडतं, हे आज पुन्हा एकदा कळलं.

१२ नोव्हेंबर

आज चुडामणअप्पा आले. डोईफोडियाचे केळीचे मोठे बागायतदार. अर्धांगाच्या झटक्यानंतर आवाजाची नुसती फुंकर उरलीय आणि पाण्याचा घोटही ठसक्याशिवाय उतरत नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा दाखवला. दोन्ही स्वरतंतू पडलेले, जराही हलत नाहीत. फार आशा धरू नका, म्हणाले.

माणूस मात्र लाघवी. डोळे सतत माझ्या ओठांवर. त्यांच्याबरोबर बायको होती, मालूबाई. तिला काही विचारलं की ती नुसती मान हलवते. नवऱ्याला झटका आला त्याच सुमारास तिचीही वाचा गेली म्हणे, धसका घेतला. मी तिलाही तपासते म्हटलं, तर ती भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली.

१९ नोव्हेंबर

अप्पांची प्रगती विलक्षण आहे. हनुवटी छातीला लावून गिळायला शिकवलं. कुस्करलेलं केळं आता ठसका न लागता जातं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात कुठे वाचलेली नाही. घोट उठतो का ते पाहायला मी त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवते. चमचाभर पाणी दिलं तर गळ्याची घाटी जागची हलत नाही. पण मी बोलायला लागले की हलते. मी "आ" म्हणून दाखवते, घाटी वर उठते आणि खाली जाते. मी सूचना देते, प्रत्येक वाक्याला एक घोट. माझ्या तोंडाकडे बघत ते काहीतरी गिळत असतात.

घरी येऊन इंदुबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तुझा घसा बसल्यासारखा वाटतोय, एवढंच म्हणाल्या.

२५ नोव्हेंबर

अप्पांचा आवाज फुटला! स्वच्छ, खणखणीत एक वाक्य.

पण आवाज बाईचा होता. वयस्क, जरा किनरा. अप्पांनी माझ्याकडे बघत विचारलं, "च्या टाकू का, पोरी?"

मालूबाई ताडकन उठली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला आणि खोलीबाहेर गेली. व्हरांड्यात तिचे खांदे गदगदत होते, तोंड उघडं होतं, पण रडण्याचा एवढासाही आवाज येत नव्हता.

डॉक्टर खूश आहेत. दुर्बीण पुन्हा घातली. स्वरतंतू तसेच, पडलेले. कधी कधी घशाचे इतर स्नायू काम उचलतात, असं ते म्हणाले. मीही तसंच समजावलं स्वतःला. माझा घसा मात्र पार गेलाय. मिठाच्या गुळण्या चालू आहेत.

३० नोव्हेंबर

अप्पा घरी कसे जेवतात ते पाहायला डोईफोडियाला गेले. मालूबाईच घ्यायला आली होती. रस्त्याला दोन्हीकडे कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायकांच्या गप्पा पार जीपमध्ये ऐकू येत होत्या. अप्पांच्या कुंपणाआत पाऊल टाकलं आणि सगळं थांबलं.

त्या घरात कोणी बोलत नाही. सून, विमल तिचं नाव, टाळी वाजवून बोलावते. शेतावरचा गडी निंबा ओठ हलवतो, आवाज निघत नाही. दारातला कुत्रा माझ्यावर धावून आला. मान ताणून, दात विचकून, पोट आत-बाहेर करत तो भुंकत होता. नुसता भुंकत होता. आवाज नव्हता.

बोलत होते ते एकटे अप्पा. हातानेच वरण-भात खात होते, आणि मला बसा म्हणाले.

माझ्या आवाजात.

२ डिसेंबर

डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे लिहून दिलं, कारण बोललं की आता हवाच निघते. त्यांनी माझा घसा पाहिला. सगळं निरोगी आहे, स्वरतंतू मोत्यासारखे. आठवडाभर मौन पाळ, म्हणाले. अप्पांबद्दल लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि रजा घे म्हणाले.

अप्पा आजही येऊन गेले. मी खोलीतून निघून गेले, पण फोन टेबलावर राहिला. परत आले तेव्हा ते फोन खाली ठेवत होते.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी कानाला लावून नुसती ऐकत राहिले. आई आनंदात होती. दुपारी किती दिवसांनी मोकळेपणाने बोललीस गं वैजू, म्हणाली. लहानपणीच्या सगळ्या गोष्टी काढून घेतल्यास माझ्याकडून. नंबरही नवा घेतलाय म्हणालीस, तो उद्या शेजारच्या सरुबाईकडून फोनमध्ये भरून घेते.

५ डिसेंबर

आवाज पूर्ण गेला. कण्हतासुद्धा येत नाही.

मालूबाई एकटी आली होती, दवाखान्याच्या मागच्या दाराने. माझा हात घेऊन तिने आधी स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मग माझ्या. मग हवेतलं काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकलं आणि गिळून दाखवलं. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी स्टेशनच्या दिशेला बोट करून मला ढकलायला लागली. जा, म्हणत होती. निघून जा.

उद्याचं तिकीट काढते.

६ डिसेंबर

गेले नाही. कशी जाणार? इंदुबाईंना मध्ये घालून आईला फोन लावला. त्यांनी सांगितलं, वैजूची तब्येत बरी नाही, बोलता येत नाही, पण ती घरी येतेय.

आई चिडली. वैजू तर आत्ताच माझ्याशी बोलली, म्हणाली. तिने बजावूनच ठेवलंय, कोणी बाई फोन करून काहीबाही सांगेल, तिचं ऐकू नको. मी तिच्याकडे निघाले आहे. गाडीत बसले पण, म्हणाली.

इंदुबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "बेटा," त्या म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

त्याच दिवशी, दुपार

बुऱ्हाणपूर स्टेशनवर गाडी आली. गेली. आई उतरली नाही.

सगळे डबे पाहिले. उतरलेल्या एका बाईला वहीत लिहून विचारलं. ती सांगते, पांढऱ्या केसांची म्हातारी? ती तर पुढे नेपानगरला उतरणार होती, मुलगी तिथे घ्यायला येतेय म्हणत होती.

नेपानगरहून डोईफोडिया —

पुढच्या गाडीने नेपानगर गाठलं, तिथेही आई नव्हती. जीप मिळाली. या वहीतच लिहून ड्रायव्हरला गाव दाखवलं. तो गाणी लावून बसलाय. रस्ता संपत नाही.

डोईफोडिया

आई इथेच आहे. ओसरीवर खाटेवर बसली होती, चेहरा त्या अप्पाकडे. तो माझ्या आवाजात विचारत होता, आणि मग काय झालं गं आई? आणि ती सांगत होती. त्याची घाटी वर, खाली. वर, खाली. मी धावत जाऊन आईचे खांदे धरले. तिने माझा चेहरा चाचपला. वैजू म्हणायला तोंड उघडलं.

काही आलं नाही.

मागून मला कोणीतरी ढकललं. आम्ही दोघी खतांच्या पोत्यांच्या खोलीत. कडी लागली. आणि दारापलीकडून आवाज, वयस्क, जरा किनरा —

"माफ कर पोरी. त्यानं सांगलं होतं, एक माणूस आणून दे, तुझा परत देतो. टेसनावरून मीच आनलं तुझ्या मायला." ती हुंदके देत होती. पहिल्यांदा ऐकू येणारे हुंदके.

मालूबाई.

दार हलत नाही. खिडकीला गज. आई माझा हात धरून बसलीय. तिला अजून कळत नाही मी का बोलत नाही. तिलाही का —

तो ओसरीवर बोलतोय. आईच्या आवाजात. फोनवर. अर्चनाशी, माझ्या बहिणीशी. अगं ये ना दोन दिवस, छोटीला आण. बोलायला लागलीय ना ती? ऐकू दे की मला तिचं बोलणं —

दाराशी आला. आता माझ्या आवाजात. हळू, प्रेमाने. म्हणाला, फोन तुझ्याकडेच राहू दे. तिला येऊ दे फक्त. आली की तुझा तुला परत. तुझ्या आईचाही देईन. माझी जुबान आहे.

फोन वाजला. अर्चनाचा मेसेज.

ताई, आई म्हणतेय तिकडे या. छोटीला घेऊन निघू का? सगळं ठीक आहे ना?

नको. नको लिहायचं आहे. दोनच अक्षरं.

आईने माझा गळा चाचपला. मग स्वतःचा. आता तिला कळलंय. ती रडतेय, आवाज नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही — मला हे बघवत नाही —

अर्चना वाट बघतेय. टाइप करतेस का विचारतेय.

मी टाइप करतेय. नको, नको, पण अंगठा — मला फक्त एकदा आईला हाक —

मी लिहिलं, हो, ठीक —