अक्काच्या पुड्या

हुलसूर, मंगळवार, संध्याकाळ

परवा गुरुवारी हैदराबादला अक्काच्या पेशी काढायच्या होत्या. तिच्याच रक्तातल्या पेशी. प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून पुन्हा तिच्याच अंगात सोडणार होते. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. रक्तात त्या पेशी फारच कमी निघाल्यात, स्टेरॉइडनं असं होतं, अक्का स्टेरॉइड घेतायत का?

मागच्या वेळी त्यांनी औषधं विचारली, तेव्हा अक्काकडे न बघताच मी "दुसरं काही नाही" म्हणालो होतो. आज तिला विचारलं.

"गोळी कुठं खायलेय मी? वैद्याची पुडी तेवढी, गुडघ्याला."

"मग सांगितलीस कामून न्हाई?"

"गोळ्या इचारल्या त्यांनी. पुडीचं कोन इचारलं?"

असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळतात, ही बातमी मीच लिहिली होती. आमच्याकडं निम्म्या म्हाताऱ्या ती पुडी घेतात. बातमीसाठी चारचौघांना खोदून विचारणारा मी, आणि घरात एक पुडी... कसं सुचलं नाही?

डॉक्टरांना उलट फोन करून पुडीचं सांगितलं. ते रागावले नाहीत. पुडी एकदम न सोडता हळूहळू कशी बंद करायची ते सांगितलं, दोन आठवडे थांबू म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "तेवढे दिवस आजार थांबेल असं मात्र मी सांगू शकत नाही."

अक्कानं प्रवासाची भरलेली पिशवी तशीच खुंटीला अडकवली.

"दोनच आठवडे न्हवं? मंग लुगडी काढत न्हाई."

मी व्हय म्हणालो.