अठरा गुंठ्यांचा फोटो

१ जून, सकाळी ११
आज शेतीला सुरुवात केली. म्हणजे मोबाइलवर. शहरालगतच्या छोट्या शेतकऱ्यांसाठी शेडनेटची सरकारी योजना आली आहे. उचगावच्या आमच्या अठरा गुंठ्यांत भाजीच्या रोपांची नर्सरी काढणार. समोर सातमजली बिल्डिंग उभी राहिली तरी गावाची अक्कल तळमजल्यावरच आहे. लीलाला प्लॅन सांगितला. तिने विचारलं, आदुगर तण कोण काढणार? बायकोची नजर कधी वर जायची नाही.

३ जून
जमीन लीलाच्या माहेरची, सातबारा तिच्या नावावर. त्यामुळे ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो आणि प्रत्येक ओटीपीबरोबर एक भाषण. आजचं: दसऱ्यापतोर रानात काय उगवलं न्हाई तर आकारामभावजींस्नी वाट्यानं देणार. हा शेजारचा आकाराम म्हणजे वांगी आणि चिखल. त्याला पोर्टल दाखवलं तर कुलूप लावेल.

९ जून
फॉर्मला मशागत केलेल्या जमिनीचा फोटो लागतो. आमच्या रानात कमरेएवढं गाजरगवत. माझी कंबर नाजूक. शेवटी आकारामच्या वाफ्यात उभा राहून सेल्फी काढला. मागे बिल्डिंग तीच. ऑफिसातल्या लोकांना वांगं आणि गवार यांतला फरक कळत नाही, त्यांना काय पत्ता लागणार? आकारामने हसत विचारलं, दादा, पावणं बघाय येणार हाईत काय? मी फोटो फॉर्मला जोडला.

२ जुलै, सकाळी
कृषी सहायक पाहणीला येणार. स्वप्नाली नावाची स्कूटीवरची पोरगी. हिला दहा मिनिटांत गुंडाळतो. गवत काढायला माणूस मिळाला नाही. म्हणजे फोन केला नाही, पण मिळाला नसताच.

संध्याकाळी
पोरीने मोबाइल उघडला आणि सरळ आकारामच्या रानात गेली. फोटोबरोबर जागाही नोंदली जाते म्हणे. असल्या गोष्टी आधी सांगायला नकोत? तिने विचारलं, फोटो हितला हाय, मग तुमचं रान कुठलं? मी गवत दाखवलं. तिने गवताचाही फोटो काढला. अर्ज बाद.
वर कळलं, आकारामचा अर्ज मेमध्येच मंजूर झालाय. स्वतः भरला. आतल्या गाठीचा माणूस.

११ ऑगस्ट
योजना गेली खड्ड्यात. स्वतःच्या हिमतीवर करणार. खुरपं आणि हातमोजे आणले. पण आज श्रावणी सोमवार. उपवासात वाकू नये.

३ ऑक्टोबर
काल आकाराम सोनं द्यायला आला. लीलाने त्याला चहा दिला, जमीनही दिली. मला विचारलं होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, जूनपासनं तेच चाललंय की. हातमोजे अजून पाकिटातच आहेत.

२५ ऑक्टोबर
आकारामने चार दिवसांत गवत काढलं. आता सरळ वाफे, कोवळी रोपं. कुठल्याशा नव्या फॉर्मला आमच्या रानाचा फोटो हवा होता आणि त्याचे हात मातीचे. म्हणाला, दादा, तुमास्नी फोटोतलं कळतं. चेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. लीला आणि तो वाफ्यात उभे राहिले. लीला हसत होती. मी बांधावरून फोटो काढला.
या वेळी लोकेशन बरोबर आलं.