विमानतळ ते हॉटेल, पाट्या वाचत

२ मार्च
मुलीचा फोन. ती नोकरी करते ते हॉटेल नव्या मालकाने घेतलंय आणि त्याला दर्शनी पाटी हाताने रंगवलेली हवी आहे. मशीनची नको, असं तो स्वतः म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या पेंटरकीत हे वाक्य ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मालक चौदा तारखेला दुपारी चार ते पाच हॉटेलात आहे. समोर बसून नमुना लिहून दाखवायचा. पाचला तो निघणार, मग दोन महिने परदेशात.

माझा ब्रश चौदा महिने कोरडा आहे. शेवटचं काम ‘कुत्र्यापासून सावध’. तो कुत्राही आता गेला.

३ मार्च
बायको म्हणाली, माझा भाऊ त्याच शहरात आहे, गाडी घेऊन विमानतळावर येईल. भाऊ म्हणजे स्टिकर. आईबापांनी नाव वेगळं ठेवलंय, पण मशीनवर अक्षरं कापून चिकटवणाऱ्याला मी दुसऱ्या नावाने ओळखत नाही. त्याच्या गाडीच्या दोन्ही दारांवर धंद्याची जाहिरात आहे, अर्थात चिकटवलेली. हाताने लिहायचं काम मागायला जाणारा माणूस तसल्या गाडीतून उतरणार? नाही म्हणजे नाही.

बायको म्हणाली, "मग मी जाते त्याच्याबरोबर. तुम्ही या तुमच्या तत्त्वांबरोबर."

मतभेद आहे. मी तो मोठ्या मनाने मान्य केला.

७ मार्च
योजना तयार. विमान ११.२० ला उतरणार. बसने रेल्वे स्टेशन, तिथून ट्रेनने ‘शहर मध्य’, पुढे सात मिनिटं चालत. एकूण एक तास पस्तीस मिनिटं. म्हणजे १२.५५ ला हॉटेलात. तीन तास पाच मिनिटं हातात. त्यात दुसरी दाढी आणि मुलीच्या साहेबांशी ओळख.

नियम १: कोणालाही काही विचारायचं नाही. माणूस चुकीचा रस्ता सांगतो आणि निघून जातो. पाटी जागेवर उभी राहते, आपल्या शब्दाची जबाबदारी घेते. मी अक्षर शिकलो ते कुठल्या शाळेत नाही, रस्त्यावरच्या पाट्या वाचून. मला रस्ता विचारायला लावणारं शहर अजून वसायचं आहे.

नियम २: नेहमी शेवटच्या थांब्यावर उतरायचं. मधेच उतरून धांदल करणारे लोक वेगळे.

१३ मार्च
बॅग भरली. खारीच्या केसांचे नऊ ब्रश, आखणीची दोरी, खडू, स्टीलची फूटपट्टी. बायकोने विचारलं, रस्त्याचा कागद घेतला का. कागद लागतो ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांना. तिने बॅगेची चेन लावली. पटलं असावं.

१४ मार्च, स. ११.४०
उतरलो. वीस मिनिटं उशीर. विमानाला, मला नाही.

बाहेर स्टिकर उभा. वाकून नमस्कार केला, मग म्हणाला, "दाजी, बसा की. वीस मिनिटांत सोडतो." मी सांगितलं, मला इथल्या पाट्या बघत जायचंय.

"बघा ना, निवांत बघा. निम्म्या मीच लावल्यात."

बायको गाडीत बसली. दाराची अक्षरं उन्हात चमकत होती. चांगली अक्षरं चमकत नाहीत.

दु. १२.१०
पहिली पाटी: ‘शहराकडे’, बाण वर. वर गेलो. सरकता जिना, पुढे दुसरा सरकता जिना, त्यापुढे न सरकणारा.

१२.३५
गच्चीवर आहे. गाड्या लावायची जागा. इथून शहर स्वच्छ दिसतं, म्हणजे दिशा बरोबर होती. उंची तेवढी जास्त झाली.

रखवालदाराने विचारलं, काय शोधताय. मी शोधतोय ते सांगितलं. प्रश्न त्याचा होता, त्यामुळे नियम १ शाबूत. तो म्हणाला, वर काढलेला बाण म्हणजे सरळ पुढे. हा मशीनवाल्यांचा आळस. ‘पुढे’ दाखवायला मी अठ्ठावीस वर्षं हात काढत आलो, एक बोट पुढे, मनगटावर बाही, बाहीला बटण. माझ्या हाताने आजवर कोणी गच्चीवर गेलेलं नाही.

१.०५
बस मिळाली. खिडकीही मिळाली. आता शेवटच्या थांब्यापर्यंत निवांत. बायकोचा मेसेज: पोचले, जेवायला बसतोय, कुठे आहात. कळवलं: रस्त्यात.

१.२०
टर्मिनल दोन.

१.३२
टर्मिनल तीन. विमानतळ मोठा आहे.

१.४८
टर्मिनल एक.

२.०३
टर्मिनल दोन. हे दुसरं दोन असावं. बाकावर एक गृहस्थ तोंडावर टोपी घेऊन झोपलेत. मघाच्या दोनवरही असेच एक होते. या भागात पद्धत दिसते.

२.३०
ड्रायव्हर बराच वेळ आरशातून बघत होता. शेवटी वळून म्हणाला, "काका, तुम्हाला उतरायचंय कुठे?" शेवटच्या थांब्यावर, असं मी ठामपणे सांगितलं.

"ह्या बसला शेवटचा थांबाच नाही. ही गोल फिरते. माझी ड्यूटी संपेल तोच शेवटचा."

बसवर तसं लिहायला हवं, हे मी त्याला चार लोकांसमोर ऐकवलं. तो म्हणाला, लिहिलंय. उतरून पाहिलं. लिहिलंय. पण दोन अक्षरांमधली जागा इतकी ओंगळ सोडली आहे की जाणत्या माणसाची नजर आपोआप दुसरीकडे वळते. झाला तो दोष नजरेच्या चांगलेपणाचा.

२.५५
खरी बस. स्टेशनला जाणारी. मुलीचा फोन. मामाला पाठवू का, हे तिने तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मालक माझ्या शब्दावर थांबणार आहे. मी सांगितलंय, माझे बाबा वेळेचे पक्के आहेत."

मी सांगितलं, जवळच आहे. खोटं नाही. स्टेशनच्या जवळ होतो.

३.३५
ट्रेनमध्ये. सगळं ताळ्यावर आलंय. २५ मिनिटं शिल्लक. नमुन्यात काय लिहायचं ते ठरवलं. जाड अक्षर, बारीक सावली, सावली डावीकडे. बघतच राहील.

३.४८
‘शहर मध्य’ आलं. लोक धक्काबुक्की करत उतरले. मी हसून बसून राहिलो. मध्य म्हणजे शेवट नव्हे. नियम २.

४.१०
डबा रिकामा आहे. खिडकीबाहेर रूळ, रूळ आणि पाण्याचे पाइप. सफाईवाल्या बाई बादली घेऊन आत आल्या. त्या म्हणाल्या, पाय वर घ्या. पाय वर घेतले. मग म्हणाल्या, "इथे गाड्या धुतात, माणसं नाही. तुम्ही कसे राहिलात आत?" शेवटचा स्टॉप म्हणून, असं सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली. म्हणाल्या, शेवटचा तो मागचा होता. हा त्याच्याही नंतरचा.

नियम २ रद्द. नियमात खोट नव्हती. ट्रेनला थांबायचं कुठे ते कळत नाही.

४.४०
शहर मध्य, परतीच्या ट्रेनने. वीस मिनिटं आहेत, चालायचं अंतर सात. मुलीचे चार फोन घेतले नाहीत. बोलण्यात वेळ जातो.

४.४९
हॉटेल ज्या चौकात आहे त्या चौकात आहे. हॉटेल नाही.

४.५४
चौकाला फेरी. बँक, चष्म्याचं दुकान, औषधांचं दुकान, पाच मजली बिनपाटीची इमारत, पुन्हा बँक. बँकेची पाटी बरी आहे. हॉटेलची कुठेच नाही. एवढा मोठा कारभार आणि दारावर चार अक्षरं नाहीत? पाटीशिवाय हे लोक धंदा कसा करतात देव जाणे.

५.०२
तिसरी फेरी. घामाने शर्ट पाठीला चिकटला आहे. एक लांब काळी गाडी चष्म्याच्या दुकानासमोरून गेली. मागे कोणीतरी बडं माणूस बसलं होतं. दारांवर चमकणारी अक्षरं होती. बघायला वेळ नव्हता.

५.१५
पाचवी फेरी. फुटपाथवर किल्ल्या बनवणारा बसतो. त्याला विचारलं. (नियम १ ला अपवाद: तोही हाताने काम करतो.) किल्ली घासता घासता, मान वर न करता म्हणाला, "तुम्ही टेकलाय ते."

मी बिनपाटीच्या इमारतीला टेकून उभा होतो.

पाटी नव्हती, कारण पाटी मी रंगवायची होती. आता कोणी म्हणेल, हे आधी सुचायला हवं होतं. माझं म्हणणं, या हॉटेलला पाटीची किती गरज आहे हे पाच फेऱ्या मारून दुसऱ्या कुठल्या पेंटरने सिद्ध केलं असतं? हे मालकाला तोंडावर सांगायचं म्हणून तडक आत गेलो.

मालक पाचला गेला. स्टिकर त्याला विमानतळावर सोडायला गेलाय. वीस मिनिटांत पोचवतो म्हणे.

१५ मार्च, स. ७.१०
काल संध्याकाळी लिहिण्याइतकी उसंत मिळाली नाही. आता क्रमाने नोंदवतो.

मालक चार ते पावणेपाच बसून होता. मुलगी दाराकडे बघत होती. पावणेपाचला तो घड्याळ बघून उठायला लागला, म्हणाला, हाताने लिहिणारं कोणी उरलेलंच नाही बहुतेक, मशीनचीच लावू. तेव्हा बायको उठली. आतल्या खोल्यांचं रंगकाम चालू होतं. तिथल्या रंगाऱ्याकडून तिने एक इंची ब्रश मागून घेतला आणि पुठ्ठ्यावर हॉटेलचं नाव लिहिलं.

बायकोला ब्रश धरता येतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी आखतो, ती भरते, एकोणीस वर्षं. पण आखणीशिवाय, दोरीशिवाय, खडूशिवाय?

पुठ्ठा मी रात्रीच्या जेवणाआधी फूटपट्टीने मोजला. तिसऱ्या अक्षराचा पाय अर्धा मिलिमीटर जाड आहे. बाकी मोजलं. पुन्हा मोजलं. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "कसं आहे, बाबा?" तिसऱ्या अक्षराचा पाय जाड आहे, असं मी सांगितलं. ती तिथून हलली नाही. मग मी म्हटलं, बाकी बरोबर आहे. मग ती जेवायला बसली.

काम बायकोला मिळालं. मालकाने जाताना सही केली. आज नऊला सुरू. दर्शनी भिंत, चौदा फूट, बायको शिडीवर चढणार. मी म्हटलं, चढणं माझं काम आहे, इतकी वर्षं मीच चढलो. ती म्हणाली, कागदावर तिचं नाव आहे. शिवाय तिला खाली शिडी धरायला माणूस हवाय आणि तिने त्यासाठी माझं नाव दिलंय.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"करा ना विचार," ती म्हणाली. "पण शिडी धरून करा."

ती आत्ता खाली गेली. साडेआठला बोलावलंय. शिडी धरणं सोपं वाटतं, पण तसं नाही. वरच्याचा हात हलू नये म्हणून खालच्याने श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. हेही माझं मलाच शिकावं लागणार.