दुर्गावरचा दिवा

नागू,

मी यशवंतपूरला मावशीकडे जातेय. तू माझे कॅनव्हासचे बूट चढवून निघालेला मला बघवणार नाही. आप्पांचा पाय मोडल्यापासून पाच वर्षं सावनदुर्गावर आपल्या घरचा दिवा मी लावला. यंदा साखरपुडा झाला, तर मी म्हणे परक्या घरची! आता मान तुझा. बूटसुद्धा तुला नेमके बसले, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाणी स्वल्प स्वल्प पी. गूळ खिशात ठेव, चढताना पिशवी उघडता येत नाही. खडकावर काळे ओघळ दिसतील तिथे पाय देऊ नकोस, शेवाळावरून घसरशील. मोहोळाखाली विडी पेटवू नकोस. ओढतोस, मला ठाऊक आहे.

आणि काल जेवताना मी खोटं बोलले. फुटक्या दगडापासून डावीकडे वळायचं नाही. तिकडे पुढे नुसता कडा आहे, मागे फिरायलाही जागा नाही. उजवीकडून जा. हे लिहिल्याशिवाय पायात चप्पल घालवेना.

वर वारा फार असतो. दिव्याला मी पदर आडवा धरायची. तू काय धरशील ते तुझं तू बघ.

अक्का